घरगुती न्यूरोफीडबॅक : योग्यायोग्यतेची चिकित्सा

मेंदूतील विद्युत्‌लहरी पडद्यावर पाहून त्यांवर नियंत्रण मिळविण्याचे शिक्षण म्हणजे न्यूरोफीडबॅक. मुरूड-श्रीवर्धनच्या पालकांना ते दूरस्थ देखरेखीखाली घरीच मिळणे सोयीचे खरे. परंतु सोय म्हणजे योग्यता नव्हे. एडीएचडी असलेल्या ७ ते १० वर्षे वयाच्या मुलांवरील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत खरे व आभासी प्रशिक्षण घेणारे दोन्ही गट सुधारले. खरा गट सरस ठरला नाही. तेव्हा घरी दिसणाऱ्या सुधारणेचे श्रेय यंत्राला देता येत नाही. म्हणून इलेक्ट्रोड नीट बसले की नाही एवढे पाहणे ही देखरेख नव्हे. प्रथम निदान, चालू उपचारांचे सातत्य, शिक्षकांच्या स्वतंत्र नोंदी आणि थांबण्याची पूर्वनिश्चित मुदत ही तिची अंगे होत. त्यांच्या अभावी नकारच शास्त्रीय ठरतो.