सेन्सर खरं बोलतो, पण कशाबद्दल?

गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. मग मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली स्पेसर बसवून तो विझवतात. हे बेकायदा आहेच. पण पेट-नेटच्या मागे लागलेल्यांनी विचारावं, यंत्रणा इतकी सहज फसते कशी?

मागचा सेन्सर प्रदूषण मोजतच नाही. कन्व्हर्टरमधलं सिरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवतं आणि सोडतं, त्यामुळे पुढच्या सेन्सरचा सिग्नल वरखाली होत असताना मागचा जवळपास स्थिर राहतो. संगणक एवढंच बघतो: मागचा शांत आहे ना? मग कन्व्हर्टर ठीक. स्पेसरने सेन्सर धुराच्या झोतातून मागे सरकतो आणि शांत होतो. शांतता तीच, कारण भलतंच.

मग पीयूसी? पेट्रोल गाडी उभी ठेवून, भार नसताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. कन्व्हर्टर नसलेली गाडी इथे सापडू शकते, हे मान्य. पण नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. मोजले तरी उभ्या गाडीत फारसे दिसणार नाहीत. ते बनतात भाराखाली, जास्त तापमानाला. कन्नडला पास झालेली गाडी चाळीसगावहून परतताना औट्रम घाट चढते, गौताळा अभयारण्याच्या कुशीतून. खरा प्रयोग तिथे होतो, आणि तिथे मोजायला कुणी नसतं. (डिझेलचं तर फक्त धुराची घनता बघून भागवतात!)

गंमत म्हणजे नव्या मॉडेलला मान्यता देताना डायनामोमीटरवर भार देऊन चाचणी होते, आणि एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरही. गॅरेजमध्ये हात लागलेली गाडी मात्र अजून उभ्यानेच तपासतात.