तरुणांच्या मद्यपानाचे मानसशास्त्रीय मापन : एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन तरुणांमधील मद्यपान व व्यसनाधीन वर्तन हा मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि समाजकार्य या विद्याशाखांतील लघुसंशोधनांचा नेहमीचा विषय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या पदोन्नतीची सांगड शोधनिबंधांच्या गुणांशी घातली आणि अशा संशोधनांना आणखी चालना मिळाली. त्यांचा आराखडा परिचित आहे. वर्गातील साठ-सत्तर विद्यार्थी, एक भाषांतरित प्रश्नावली, मुलगे व मुली किंवा शहरी व ग्रामीण अशी तुलना, 'टी' मूल्य आणि शेवटी जनजागृतीची शिफारस. विषय गंभीर असला तरी हाती येणारे ज्ञान कितपत विश्वसनीय आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मोजमापाचे साधन, उत्तरांचा खरेपणा आणि नमुन्याची निवड या तीन अंगांनी या संशोधनपद्धतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मोजपट्टी आणि क्वार्टर

या क्षेत्रात सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट'. तिच्यात दहा प्रश्न असून कमाल गुण ४० आहेत. ८ किंवा अधिक गुण हे धोकादायक मद्यपानाचे निदर्शक मानले जातात. ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, बल्गेरिया, केनिया, मेक्सिको व अमेरिका या सहा देशांतील संशोधनातून ती तयार झाली आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या सहा देशांत भारत नव्हता. हा आक्षेप निर्णायक नाही, कारण पुढे अनेक देशांत व भारतातही ही प्रश्नावली उपयुक्त ठरली. खरी अडचण तिच्या 'ड्रिंक' या एककात आहे.

ऑडिटमध्ये एक ड्रिंक म्हणजे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. मराठी भाषांतरात त्याचे 'पेय', 'पेला' किंवा 'प्याला' होते. तरुणांच्या बोलण्यात मात्र यांपैकी एकही शब्द नसतो. तिथे पेग, नाइंटी, क्वार्टर आणि खंबा ही मापे चालतात. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्की किंवा रमच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. त्या हिशेबाने १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सहा ड्रिंक होतात. ८ टक्के तीव्रतेच्या ६५० मिलिलिटर बिअरची एक बाटली म्हणजे सुमारे चार.

या फरकाचा गुणांवर होणारा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एक तरुण दर शनिवारी एक क्वार्टर पितो. योग्य हिशेब केल्यास वारंवारतेच्या पहिल्या प्रश्नाला २, प्रमाणाच्या दुसऱ्या प्रश्नाला २ आणि 'एका वेळी सहा किंवा अधिक' या तिसऱ्या प्रश्नाला ३, असे त्याचे ७ गुण होतात. पिण्यामुळे वर्षातून एखाद्या वेळी परीक्षा किंवा काम बुडाल्याचे त्याने नोंदवले, की तो ८ वर पोहोचतो. परंतु 'किती पेये घेता?' या प्रश्नाला तो 'एक' असे उत्तर देतो. त्याच्या लेखी त्याने एकच बाटली घेतलेली असते. 'सहा किंवा अधिक' या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे 'कधीच नाही' म्हणतो. मग त्याच्या नावावर ३ गुण पडतात आणि निबंधाच्या तक्त्यात तो 'अल्प जोखीम' या रकान्यात जाऊन बसतो. तरुण खोटे बोललेला नाही. प्रश्नच त्याच्या भाषेत विचारला गेलेला नाही. ऑडिटच्या मार्गदर्शक पुस्तिकेत स्थानिक मापांनुसार हे प्रश्न जुळवून घेण्याची सूचना आहे. तेव्हा दोष साधनाचा नसून ते न वाचता वापरणाऱ्याचा आहे.

कायदा आणि उत्तरांचा खरेपणा

दुसरा प्रश्न उत्तर देणाऱ्याच्या भीतीचा. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाची, म्हणजे आजच्या महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाची, चौकट राज्यात अजून लागू आहे. तीनुसार मद्यपानासाठी परवाना लागतो. व्हिस्की-रमसारख्या कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे, तर सौम्य बिअर व वाइनसाठी २१ वर्षे आहे. म्हणजे पदवीच्या वर्गातील अठरा-वीस वर्षांचा विद्यार्थी होकार देतो तेव्हा तो कायद्याचा भंग केल्याची लेखी कबुली देत असतो. ती कबुली मागणारी व्यक्ती अंतर्गत गुण देणारी असते. प्रश्नावली वर्गात, शेजारच्या बाकावरच्या नजरेसमोर भरली जाते. नाव लिहू नये अशी सूचना असली, तरी वर्ग, तुकडी, लिंग व वय यांवरून विद्यार्थी ओळखता येतो. अशा स्थितीत 'नाही' या उत्तराचा अर्थ 'पीत नाही' असा की 'सांगत नाही' असा, हे संशोधकाला कळत नाही. मुलींच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मद्यपानाचे प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के नोंदले गेले. फरक मोठा आहे यात शंका नाही. परंतु बदनामीच्या भीतीने त्यातील किती भाग दडला, याचा विचार न करता लिंगभेदाचे 'टी' मूल्य काढणे धाडसाचे ठरते.

वर्गात नसलेला तरुण

तिसरा प्रश्न नमुन्याचा. या विषयावरील बरेचसे सिद्धान्त अमेरिकेतील निवासी महाविद्यालयांतून आले आहेत. जेफ्री आर्नेट यांनी २००० मध्ये मांडलेली 'उदयोन्मुख प्रौढत्वा'ची कल्पना १८ ते २५ हा वयोगट शोधाचा व प्रयोगाचा काळ मानते. उल्हासनगर कॅम्प नं. ३ च्या परिसरातील महाविद्यालयांत चित्र निराळे आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या या शहरात अंबरनाथ-बदलापूरकडून लोकलने येणारा विद्यार्थी बहुधा घरीच राहतो. सकाळी तास आणि दुपारी दुकान, कारखाना किंवा शिवणकामाचा गाळा असा अनेकांचा दिवस असतो. शोधासाठी मोकळा काळ त्यांच्या वाट्याला येत नाही. मिळकतीची जबाबदारी मात्र लवकर येते. मद्याची ओळखही वसतिगृहापेक्षा कामाच्या ठिकाणी, पगाराच्या दिवशी होण्याचा संभव अधिक. ज्याचे पिणे वाढले आहे तो बहुधा तासाला गैरहजर असतो, आणि संशोधन केवळ हजर असलेल्यांचे होते. हजेरीपटावर नाव आहे पण बाकावर नाही, असा विद्यार्थीच या संशोधनाचा खरा विषय असावयास हवा.

साहित्यातील साक्ष

या विषयाचे मराठीतील पहिले सखोल निरीक्षण प्रश्नावलीतून आलेले नाही. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर हा बुद्धिमान तरुण वकील आहे. सनद गमावल्याच्या अपमानात तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला धरतो. पुढे तो दारू सोडण्याचा निश्चय करतो, नोकरी शोधू लागतो, आणि पुन्हा अपमान वाट्याला येताच तो निश्चय मोडतो. एकदा मोडल्यावर सावरण्याची इच्छाच संपते. अॅलन मार्लाट यांनी १९८५ मध्ये व्यसनाच्या पुनरावृत्तीविषयी हेच मांडले. एका घसरणीपेक्षा 'आता सगळे संपले' ही भावना अधिक घातक असते. तळीरामाचे 'आर्य मदिरा मंडळ' ही पिणे सार्वत्रिक भासवणारी संस्था आहे. सोबती प्रत्यक्षाहून अधिक पितात असा विद्यार्थ्यांचा समज असतो, हे पर्किन्स व बर्कोविट्झ यांनी १९८६ मध्ये दाखवले. नाटकाला संशोधनाचा पुरावा मानता येणार नाही. मात्र अपमान, बेकारी आणि निश्चयभंग यांविषयीचे प्रश्न आपल्या प्रश्नावल्यांत का नाहीत, असे ते नक्की विचारते.

समारोप

वरील दोष केवळ तांत्रिक नाहीत. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेले आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन येथे मार्गदर्शक आहे. ऑडिटवर १२ ते १९ गुण असलेल्या ३७७ पुरुषांचा त्यात समावेश होता. मानसोपचाराची पूर्वपदवी नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी काही थोड्या बैठकी घेतल्या. तीन महिन्यांनी धोक्याच्या रेषेखाली आलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्या गटात ३६ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २६ टक्के होते. हा फरक चमत्कारासारखा नाही, पण खरा आहे. त्याची पूर्वअट एकच : माणूस आधी नेमका ओळखला गेला पाहिजे. जो ३ गुणांवर अडकला, त्याच्यापर्यंत समुपदेशक पोहोचतच नाही.

म्हणून महाविद्यालयीन संशोधकांनी काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. प्रश्न मिलिलिटर आणि बाटलीच्या भाषेत विचारावेत, आणि गुणांचा हिशेब संशोधकाने करावा. प्रश्नावली स्वतःच्या विद्यार्थ्यांना स्वतः देऊ नये. ती वर्गाबाहेर, बंद पाकिटात घ्यावी. गैरहजर विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करावा, आणि तो फसल्यास निष्कर्षात तसे नमूद करावे. प्रत्येक प्रश्नावलीच्या शेवटी १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदत क्रमांक आणि जवळच्या समुपदेशकाची माहिती द्यावी. ज्याच्याकडून कबुली घ्यायची त्याला परत काहीच द्यायचे नाही, हे संशोधनाच्या नीतीत बसत नाही. शोधनिबंधाचे गुण प्राध्यापकाच्या खात्यावर जमा होतात. ऑडिटचे गुण मात्र एखाद्या मुलाच्या आयुष्याविषयी असतात, आणि ते चुकले तर त्याची किंमत तो मुलगा मोजतो.