आगगाडी : पाहिलेली आणि वाचलेली

हा अंक हाती पडेल तेव्हा आपल्यापैकी पुष्कळजण गाडीत बसलेले असतील. दिवाळीला गावी निघावे, स्टेशनावर एखादा जाडजूड अंक घ्यावा आणि खिडकीची जागा मिळाली, तर तो मांडीवर तसाच उघडा ठेवून बाहेर पाहत बसावे, ही आपली जुनी सवय. सवय चांगली आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु आज मला त्या खिडकीच्या पलीकडच्या माणसाची बाजू मांडायची आहे. गाडीत बसणाऱ्याची नव्हे, तर बांधावर उभे राहून गाडी पाहणाऱ्याची.

मी सायखेड्याचा. गोदावरीच्या काठचे आमचे गाव, पुलापलीकडे चांदोरी. पूर आला की दोन्ही गावे एकदमच पाण्यात जातात. २०१६ आणि २०१९ साली ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. गावाला नदी आहे, बाजार आहे, कांदा आहे, द्राक्षे आहेत. रेल्वे मात्र नाही. ती उत्तरेकडून, ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड अशी स्टेशने घेत मनमाडकडे जाते. म्हणजे आम्हाला गाडी घरबसल्या दिसत नाही. ती पाहायला पूल ओलांडून जावे लागते. जी वस्तू पाहायला मुद्दाम जावे लागते ती माणूस नीट पाहतो, अशी माझी समजूत होती. ती समजूत कशी उतरली, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी छापून आली. तिच्या शेवटच्या प्रकरणात नायिका सुकेण्याच्या स्टेशनावरून गाव सोडून जाते. साल १९८५. नायक फाटकाशी उभा आहे. इंजिन शिट्टी फुंकते, गाडी हलते, आणि धुराचा एक लोट द्राक्षांच्या मांडवावर बराच वेळ रेंगाळून विरून जातो. एका परीक्षकाने नेमका तोच परिच्छेद उचलून ‘चित्रदर्शी’ म्हणून गौरवला. महिनाभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत. मग एके दिवशी बाजारात एक वृद्ध गृहस्थ भेटले. रेल्वेत कीमन होते. हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हिश्श्याचे रूळ रोज पायी तपासायचे, सुटलेली चावी ठोकून बसवायची, हे त्यांचे जन्मभराचे काम. ते म्हणाले, “गुरुजी, पुस्तक वाचलं. बाकी समदं झ्याक हाय. पन पंच्याऐंशी साली आपल्या गाडीला धूर कुठनं आला? तारा लागून तर कैक वर्सं झाली होती.”

मी गप्प झालो. आमच्या लोहमार्गावर विजेच्या तारा १९७० उजाडण्यापूर्वीच आल्या होत्या. माझा जन्म त्यानंतरचा. खेरवाडीच्या फाटकाशी मी लहानपणापासून शेकडो गाड्या पाहिल्या; त्यांतल्या एकीच्याही डोक्यावर धूर पाहिल्याचे मला आठवत नाही. मग कादंबरीत तो आला कोठून? तो मी पाहिलेला नव्हता, वाचलेला होता.

हा दोष माझ्या एकट्याचा असता, तर तो मी दिवाळी अंकात मांडून आपला सण खराब केला नसता. पुढच्याच आठवड्यात मी वर्गातल्या मुलांना आगगाडीचे चित्र काढायला सांगितले. ही मुले पंचवटी एक्सप्रेस ओळखतात. मुंबईहून शिर्डीला जाणारी ‘वंदे भारत’ १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली, तेव्हा ती पाहायला फाटकावर धावली होती. चित्रे आली. जवळजवळ प्रत्येक गाडीवर धूर! एका मुलाने तर वंदे भारतचे निमुळते नाक हुबेहूब काढून त्यावर दोन मोठाले काळे लोट सोडले होते. विजेची तार एकाच्याही चित्रात नव्हती. “बाळ, या गाडीतून धूर निघताना तू पाहिलास का?” असे विचारले, तर तो म्हणाला, “नाही गुरुजी, पण गाडी म्हटल्यावर धूर पाहिजे ना!”

आमच्या साहित्याचेही नेमके असेच झाले आहे, असे माझे म्हणणे आहे. ग. दि. माडगूळकरांनी मुलांना मामाच्या गावाला नेणारी आगगाडी गाण्यात आणली, तेव्हा ती धूर सोडीतच धावत होती. ते गाणे आपल्या काळाशी प्रामाणिक होते, म्हणूनच ते टिकले. दोष गाण्याचा नाही. दोष आमचा, की आम्ही गाणे ऐकले आणि गाडी पाहायचे सोडून दिले. विद्यापीठातले समीक्षाशास्त्र मी शिकलेलो नाही. मॅट्रिकच्या पुढे माझी गाडी गेली नाही. पण माझ्या वाचनात मराठी कथेतली आगगाडी बहुधा दोनच ठिकाणी भेटते : फलाटावर निरोपासाठी, नाहीतर डब्यात संभाषणासाठी. डब्यातल्या माणसांच्या तऱ्हा आमच्या विनोदकारांनी अशा रंगवल्या आहेत, की त्याला तोड नाही. पण रुळांपासून पन्नास पावलांवर विळा हातात घेऊन क्षणभर ताठ उभी राहणारी बाई? तिच्या नजरेने गाडी कोणी पाहिली?

गाडी कोठून पाहिली, यावर ती कशी दिसते हे अवलंबून असते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवण्यात आली. हिंदुस्थानने पाहिलेला तो पहिला चित्रपटाचा खेळ, आणि त्यातले एक चित्र होते स्टेशनात येणाऱ्या गाडीचे. मिनिटभराचे सुद्धा नाही. पण कॅमेरा फलाटावर असा तिरपा लावलेला, की दूरचा ठिपका वाढत वाढत पडद्याच्या कडेला येऊन भिडतो. सगळी करामत त्या जागेची.

आणि ‘पथेर पांचाली’! विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या १९२९ च्या कादंबरीत दुर्गेची गाडी पाहण्याची इच्छा अपुरी राहते. ते अपुरेपण वाचकाच्या मनातून जात नाही. सत्यजित राय यांनी १९५५ च्या चित्रपटात गाडी दाखवली, पण कशी? आधी तारेच्या खांबाला कान लावून आवाज ऐकला जातो. मग पांढऱ्या काशफुलांच्या वर काळा धूर. मग मुलांची धावपळ. आणि शेवटी कॅमेरा रुळांच्या दुसऱ्या बाजूला जातो. गाडी आपल्या आणि अपूच्या मधून निघून जाते. गाडीत कोण बसले आहे, कोठे चालले आहे, याची चौकशीच नाही. तिथला धूर खरा आहे, कारण तो त्या जागेवरून पाहिलेला आहे.

कीमनच्या त्या एका प्रश्नानंतर मी जागा पाहत हिंडू लागलो. एखाद्या कवीची कविता निवडावी तशा मी जागा निवडल्या. त्यांतल्या तिघींविषयी इथे लिहितो.

पहिली अर्थात खेरवाडी-सुकेण्याची. इथे घाट नाही, बोगदा नाही, चित्रपटवाले फिरकावेत असे काही नाही. सपाट काळी जमीन आणि तीवर आखलेली सरळ रेघ. पण या सपाटीचा गुण असा, की गाडी लांबून दिसते आणि लांबवर दिसत राहते. विजेची गाडी वाफेच्या गाडीसारखी वर्दी देत येत नाही. प्रथम रुळांत एक बारीक सळसळ उठते; मग दूर दिवा, जो कितीतरी वेळ जागचा हलतच नाही; आणि हलला असे वाटेपर्यंत गाडी अंगावर येते. संध्याकाळी टपावरचा सांगाडा तारेला घासून निळी ठिणगी उडते. धुराच्या नादात ही ठिणगी मी तीस वर्षे पाहिली नव्हती. मालगाडी आली की मुले डबे मोजतात. पन्नासावर आकडा गेला की भांडणे सुरू होतात. आणि शेतातली माणसे? ती वर पाहतातही, नाहीही. पंचवटी गेली की दूध डेअरीला पोचले पाहिजे, एवढाच तिचा अर्थ. ज्या गाडीत आपण कधी बसणार नाही ती आपल्या दिवसाचे घड्याळ व्हावी, यात केवढी कथा आहे!

दुसरी जागा कसाऱ्याचा घाट, म्हणजे थळघाट. हा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. सदतीस फुटांमागे एक फूट असा त्याचा चढ. पावसाळ्यात इगतपुरीच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभे राहावे. ढग खाली, गाडी वर. पुढचे इंजिन नजरेआड होते, डबे संपतात आणि मग दिसतात ती मागून ढकलणारी इंजिने. त्यांना बँकर म्हणतात. कसाऱ्याला ती गाडीच्या शेपटीला लागतात, सगळा चढ खांदा देतात आणि इगतपुरीला सुटी होऊन मुकाट्याने परत जातात. वंदे भारतसारख्या नव्या गाड्यांना त्यांची गरज उरलेली नाही. पण दीडशे वर्षांहून अधिक काळ या घाटात गाडी नुसती ओढली गेली नाही, ढकललीही गेली. खिडकीत बसलेल्याला हे दिसत नाही. पाठीमागून ढकलणारा दिसायला गाडीच्या बाहेरच उभे राहावे लागते. आमच्या कादंबऱ्यांत ओढणारे नायक पुष्कळ आहेत; ढकलणाऱ्यांची आठवण मला तरी त्या घाटात प्रथम झाली.

तिसरी जागा मनमाडजवळची, अनकाईचा किल्ला. पायथ्याशी स्टेशन, दूरवर हडबीच्या शेंडीचा उभा सुळका. वर चढून बसले की खाली गाडी मुंग्यांच्या रांगेसारखी सरकते. आवाज मागाहून येतो, कधी येतच नाही. आम्ही गाडीला नेहमी वेगाची उपमा देतो. इथून पाहिले तर तिच्याइतके संथ काही नाही. एकच वस्तू फाटकाशी झंझावात आणि किल्ल्यावर मुंगी. वास्तववाद म्हणून आमच्यात एवढे वाद झडतात. त्या वादकांना एकदा सकाळी फाटकावर आणि दुपारी किल्ल्यावर न्यावे असे वाटते.

याखेरीज पुष्कळ आहेत. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा कोकण रेल्वेचा चौसष्ट मीटर उंचीचा पूल आहे. १९०७ पासूनची माथेरानची गाडी आहे. वऱ्हाडात मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावर ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेवर धावत होती. तिथे १९८५ च्या कथेत धूर सोडला, तर कोणी कीमन लेखकाला बाजारात अडवणार नाही. मुद्दा धुराचा नाहीच. मुद्दा एवढाच, की तो कोठे, केव्हा आणि कोणी पाहिला.

कोणी म्हणेल, “गुरुजी, सनावळीची एवढी कटकट कशाला? वाचकाच्या डोळ्यांत पाणी आले, मग धूर खरा की खोटा?” या आक्षेपाला माझ्याजवळ शास्त्रीय उत्तर नाही. पण एक गोष्ट मला विसरता येत नाही. याच आमच्या रुळांवर, मनमाडच्या पुढे, जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान भादली नावाचे लहानसे स्टेशन आहे. ५ मे १९१८ रोजी तिथे रूळ ओलांडताना बालकवी ठोंबरे गाडीखाली सापडून गेले. वय अवघे सत्तावीस. ‘फुलराणी’ आणि ‘औदुंबर’ लिहिणारे ते डोळे. मुलांना ‘औदुंबर’ शिकवताना हे सांगायची वेळ आली, की माझा आवाज दर वर्षी अडतो. रूळ ही शोभेची वस्तू नव्हे, हे मी त्यांना तिथेच सांगतो. गाडी पाहायची ती कुंपणाबाहेरून. रुळांवर जाऊन फोटो काढायचा नाही. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी वेडेपणाच आहे. जी वस्तू माणसाचा जीव घेऊ शकते, तिच्याविषयी लिहिताना खोटा धूर सोडणे मला आता जमत नाही.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मी तो परिच्छेद बदलला. धूर काढला, शिट्टी काढली. नायक फाटकाशी उभा राहतो, गाडी जाते आणि वरची तार थोडा वेळ हलत राहते. एवढेच. प्रकाशकांना ते रुक्ष वाटले. कीमनकाकांना मी प्रत नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून ते पान दोनदा वाचले आणि म्हणाले, “तार हालती, ह्ये खरं हाय.” आजवर मला मिळालेला हा सर्वांत मोठा अभिप्राय.

वर्गातली मुले मी फाटकापाशी घेऊन गेलो आणि परत येऊन पुन्हा चित्र काढायला लावले. निम्म्यांनी पुन्हा धूरच काढला. सवय एका दिवसात जात नाही. पण काहींच्या चित्रांत खांब आले, तारा आल्या. एका मुलीने गाडीच काढली नाही. नुसते रूळ, बंद फाटक आणि वाट पाहणारी एक सायकल. “गाडी कुठे आहे?” मी विचारले. “येतेय,” ती म्हणाली.

तेव्हा वाचकहो, सणासाठी आपण या मार्गाने जात असाल आणि निफाड सोडून गाडी सुकेण्याकडे धावू लागली असेल, तर हा लेख मिटवून घटकाभर बाहेर पाहा. बांधावर कोणी उभे असेल. आपण त्याच्याकडे पाहतो आहोत असे आपल्याला वाटते. तो आपल्याकडे पाहत असतो. त्याला काय दिसते, ते अजून पुरते लिहिले गेलेले नाही.