कोयत्याची बाकी

रिझर्व्ह बँक २०१० पासून 'वित्तीय स्थिरता अहवाल' काढते, वर्षातून दोनदा. हे बँकवाल्यांचे बाड म्हणून आपण बहुतेकांनी ते बाजूला ठेवले आहे. माझ्या मते ही चूक आहे. कथा-कादंबरीला आपण जो प्रश्न विचारतो, तोच या अहवालालाही विचारला पाहिजे : यात माणूस कोण आहे आणि कोण नाही?

बँकांचे आरोग्य मोजण्याचा एक प्रमुख निकष म्हणजे थकीत कर्जाचे प्रमाण. साधारणतः नव्वद दिवसांहून अधिक थकलेले कर्ज त्यात धरतात. मार्च २०१८ मध्ये हे प्रमाण अकरा टक्क्यांवर होते, मार्च २०२४ मध्ये ते २.८ टक्क्यांवर आले. वसुली झाली, नवी कर्जे वाढली, हे खरेच. पण जुने कर्ज ताळेबंदातून निर्लेखित केले की तेवढ्यानेही प्रमाण उतरते. असो. माझा मुख्य आक्षेप निराळा आहे. ज्याला बँकेने कर्जच दिले नाही, तो या अपूर्णांकाच्या अंशात नाही आणि छेदातही नाही.

आमच्या जालना जिल्ह्यात अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. दलित, बंजारा, वंजारी, सगळे त्यात असतात. वर्गातले काही चेहरेही तेव्हाच दिसेनासे होतात. नवराबायको मिळून एक कोयता. त्याला मुकादम उचल देतो. तारण काय, तर दोघांचे अंग. एक दिवस खाडा झाला तर तोही उचलीवर चढतो. हंगामात फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामाला बांधून घेते. हे कर्जच आहे. पण बँकेच्या वहीत ते त्यांच्या नावावर नाही, म्हणून ते कितीही थकले तरी देशाची वित्तव्यवस्था निरोगीच!

१९२३ साली बाबासाहेबांचा रुपयावरचा ग्रंथ निघाला. सोन्याशी रुपयाचा दर टिकला की चलन निकोप, असे तेव्हाचे मोठमोठे अर्थपंडित मानत. बाबासाहेबांनी देशातल्या बाजारात रुपयाला काय मिळते ते पाहिले. रुपया घसरल्याने निर्यातदाराला होणारा लाभ परदेशातून येत नाही, भावामागे रेंगाळणाऱ्या मजुरीतून येतो, हे त्यांनी दाखवले. आपण मात्र 'भांडवलशाही' एवढा शब्द उच्चारून थांबतो, छेद तपासत नाही.

अग्रणी बँक दरवर्षी जिल्ह्याची पतयोजना करते. तालुक्यागणिक कोयते किती, उचल किती, हंगामाअखेर बाकी किती, हे रकाने तीत पाडायला काय हरकत आहे? मुकादमाच्या वहीत ते आजही आहेत.