बारावा खंड, नागसेनवनात बसून

महाराष्ट्र शासनाने १९७९पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या खंडांत मंत्री आंबेडकर चटकन हाती लागतात. दहावा खंड व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या मजूरमंत्र्याचा, चौदावा हिंदू कोड बिलाचा, पंधरावा स्वतंत्र भारताच्या पहिल्या कायदेमंत्र्याचा. शिक्षक आंबेडकरांच्या नावाने मात्र एकही खंड नाही. सिडनहॅममध्ये अर्थशास्त्र शिकवणारा प्राध्यापक, १९३५ ते १९३८ या काळातला मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचा प्राचार्य, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचा संस्थापक हा माणूस वेगवेगळ्या खंडांत विखुरला गेला आहे. मी ज्या शहरात राहतो तिथे, नागसेनवनात, त्याने उभे केलेले मिलिंद महाविद्यालय १९५०पासून चालू आहे. त्यामुळे ही उणीव मला जरा जास्तच टोचते.

माझ्या मते शिक्षकाचा खंड छापला गेला आहे, फक्त त्यावर तसे नाव नाही. तो म्हणजे १९९३चा बारावा. अप्रकाशित, अपुऱ्या, सुट्या कागदांचे गाठोडे अशी त्याची ख्याती, म्हणून वाचक कमी. प्राचीन भारतातल्या व्यापारावरचा अभ्यास, इंग्लिश राज्यघटनेवरची व्याख्याने, मुदतीचा कायदा, पुराव्याचा कायदा यांवरची टिपणे. ही टिपणे वाचायला रूक्ष आहेत, हे कबूल. पण समोर विद्यार्थी बसला आहे असे धरून लिहिलेले गद्य कसे असते, ते इथे दिसते: आधी व्याख्या, मग तिचे तुकडे, मग प्रत्येक तुकड्याची परीक्षा. ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये प्रतिपक्षाला कोंडीत पकडणारी जी मांडणी आपण वाखाणतो, तिची रोजची तालीम या टिपणांत आहे.

आणि याच गाठोड्यात ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ आहे. परदेशी वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय ते समजावे म्हणून सांगितलेले काही प्रसंग. त्यातला एक आमच्या दारातला. १९३४ साली सुमारे तीस सहकाऱ्यांसह बाबासाहेब वेरूळची लेणी पाहायला निघाले असताना वाटेत दौलताबादला थांबले. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. किल्ल्याच्या दाराबाहेर काठोकाठ भरलेले एक लहान टाके होते, तिथे काहींनी हातपाय-तोंड धुतले. दाराशी पोचतात तोच एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुसलमान, यांनी टाके बाटवले, असे जातिवाचक शिवी देत ओरडत आला. जमाव जमला, स्थानिक अस्पृश्यांनाही शिव्या पडल्या. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो का, उद्या अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाणी नाकाराल का. जमाव गप्प झाला. किल्ला पाहायला मिळाला, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर.

या लेखनाची ताकद त्यातल्या संयमात आहे, असे म्हणायची पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते. नुसता संयम असता तर लेखकाने स्वतःचा अपमान तेवढा मांडला असता. इथे त्याची नजर टाक्याच्या काठावर, दारावरच्या शिपायावर, आपल्यामुळे शिव्या खाणाऱ्या स्थानिक माणसांवर फिरते. प्रसंगातून काय सिद्ध होते, तेही तो सांगून टाकतो: हिंदूला जो अस्पृश्य, तो मुसलमानालाही अस्पृश्य. साहित्यिक म्हणून कुणी हे शेवटचे वाक्य गाळले असते. शिक्षक गाळत नाही. त्याला धडा पोचवायचा असतो.

आता तारखा शेजारी ठेवून पाहू. ‘व्हिसा’ पुस्तिकेच्या रूपाने छापून आले १९९० साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडूनच. त्याआधी १९६७मध्ये याच मिलिंदच्या परिसरात म. ना. वानखडे, गंगाधर पानतावणे यांच्या पुढाकाराने ‘अस्मिता’ निघाले, त्याचे पुढे ‘अस्मितादर्श’ झाले. १९७८ला ‘बलुतं’ आले, १९७९ला मिलिंदमध्ये शिकलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’. सुट्या आठवणी एकापुढे एक ठेवत जाण्याची सोनकांबळ्यांची रीत ‘व्हिसा’च्या किती जवळची आहे! पण संस्थापकाचे हे पान तेव्हा छापलेलेच नव्हते. म्हणजे दलित आत्मकथनाचा उगम ‘व्हिसा’त दाखवणारी जी मांडणी हल्ली सर्रास होते, ती कालक्रमाला धरून नाही. त्या पिढीला बाबासाहेबांकडून मिळाले ते कॉलेज, वसतिगृह, ग्रंथालय. पान नंतर आले.

कागद उशिरा हाती आले, याला कारणेही आहेत. निधनानंतर ते वारसाहक्काच्या वादात अडकले. दिल्लीतले २६, अलीपूर रोडचे घर रिकामे करताना १९६७च्या जानेवारीत कागद उघड्यावर टाकले गेले आणि पावसात भिजले, असे त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे. उरले त्यातून वसंत मून यांनी खंड उभे केले. प्रत टंकलिखित आहे की हस्तलिखित, कुठली पाने नाहीत, हे मून प्रामाणिकपणे नोंदवतात. तक्रार आहे ती पुढच्या कामाबद्दल. संदर्भ, तारखा, एका खंडातून दुसऱ्यात जायच्या वाटा या आवृत्तीत फार थोड्या आहेत. छपाई तर इतकी रखडली की डिसेंबर २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

वाटा नसल्याने काय हरवते, याचा एक नमुना देतो. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मिलिंदच्या इमारतीची कोनशिला बसली. त्याच महिन्यात संसदेत हिंदू कोड बिल अडवले गेले आणि २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. खंडांत बिल आणि राजीनाम्याचे निवेदन चौदाव्या खंडातच एकत्र आहेत, पण कॉलेज त्या दोन्हींपासून दूर. वाचकाला एक माणूस हरताना दिसतो. तोच माणूस त्याच महिन्यात दौलताबादपासून काही मैलांवर, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी दीडशेहून अधिक एकरांवर इमारती उठवत होता आणि प्रश्न विचारणाऱ्या एका ग्रीक राजाचे नाव त्या कॉलेजला देणार होता, हे त्याला स्वतःच जुळवावे लागते. नव्या आवृत्तीत निदान सप्टेंबर १९५१ची पाने तरी एकमेकांना जोडून द्यावीत.