ड्रॅगनांचा वर्णविचार

जुन्या कथेतला ड्रॅगन बहुधा एकटा असतो. उत्तर युरोपातल्या नॉर्स दंतकथांतला फाफ्निर एक. टोल्कीनच्या १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हॉबिट’मधला स्मॉग एक. त्याला नाव असते, सोन्याचा ढीग असतो, आणि एक खोड असते. पण तो कोणत्या जातीचा, हे कथा ऐकणाऱ्याने कधी विचारले नाही. तो प्रश्न विचारला एका खेळाने, आणि उत्तरादाखल चक्क कोष्टक मांडले.

हा खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. टेबलाभोवती चारपाच मंडळी बसतात. एकजण खेळ चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. आपले पात्र काय करते ते तोंडाने सांगायचे, आणि जमले की फसले ते फाशांवरून ठरायचे. हा खेळ आता आपल्याकडच्या तरुण मुलांनाही परका राहिलेला नाही. तेव्हा त्यातल्या या कोष्टकाकडे साहित्याच्या नजरेने पाहायला हरकत नसावी.

पहिल्या नियमावलीत ड्रॅगन सहा रंगांचे होते: पांढरा, काळा, हिरवा, निळा, तांबडा आणि सोनेरी. १९७५च्या पुरवणीत पितळी, तांब्याचा, काशाचा व रुपेरी असे आणखी चार आले, आणि १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ही मांडणी पक्की झाली. पाच रंगांचे एक कुळ, पाच धातूंचे दुसरे. पांढरा बर्फाळ प्रदेशात राहतो आणि गारठा फुंकतो. काळा दलदलीत राहून आम्ल थुंकतो. हिरवा रानात विषारी वायू सोडतो. निळा वाळवंटात वीज पाडतो. तांबडा डोंगरात आग ओकतो. वयाच्याही आठ पायऱ्या ठरवलेल्या आहेत, आणि पायरी चढेल तसा ड्रॅगन अधिक चिवट होतो.

इथवर तक्रारीला जागा नाही. हे कोष्टक मला मोठे कसबाचे वाटते. कादंबरीकाराला वर्षभर विचार करायला सवड असते. खेळ चालवणाऱ्याला अर्धा मिनिट. समोरच्या खेळाडूने ‘मी ढाल पुढे करतो’ म्हटले की त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. शिवाय या कथेला एकच लेखक नाही. चारपाच जण मिळून ती रचतात. अशा वेळी सर्वांना ठाऊक असलेला एक कोश हाताशी हवाच. बर्फात पांढरे खवले सापडले, तर उबदार कपडे घ्यायचे की आगीपासून बचावाचा मंत्र, हे खेळाडूंना ठरवता येते. ज्ञानाला किंमत आली, म्हणजे खेळात अर्थ आला.

माझी अडचण पुढच्या रकान्याशी आहे. त्या रकान्यात वृत्ती लिहिलेली आहे. पाचही रंगांचे ड्रॅगन दुर्जन, पाचही धातूंचे सज्जन. खवला पाहिला की चारित्र्य कळले! आपल्या भाषेत रंगाला आणि समाजातल्या जन्मसिद्ध पायरीला ‘वर्ण’ हा एकच शब्द आहे, त्यामुळे हा रकाना वाचताना मराठी वाचक थबकल्याशिवाय राहणार नाही. सद्गुणांची प्रतवारीही पाहण्याजोगी आहे. धातूंच्या कुळात पितळी सर्वांत दुबळा, रुपेरी त्याहून पुष्कळ वरचढ, आणि सोनेरी सर्वांच्या डोक्यावर. हा क्रम नीतीच्या पोथीतला नव्हे, सराफाच्या दुकानातला आहे.

जुन्या कथेत हे नाते नेमके उलट होते. फाफ्निर जन्माने ड्रॅगन नव्हता. सोन्याच्या लोभाने त्याने बापाला मारले, त्या सोन्यावर पहारा देत बसला, आणि ड्रॅगन होऊन गेला. तिथे कृतीने देह घडवला. इथे देहाने कृती ठरवून टाकली. कथा नाहीशी होते ती या उलथापालथीत.

एकदा हा साचा तयार झाला की परक्या पुराणांतली पात्रेही त्यात बसवावी लागतात. बाबिलोनी सृष्टिकथेतली तिआमत ही आदिम समुद्राचे रूप, देवांची आई. खेळात ती पाच रंगांच्या पाच मस्तकांची दुष्ट राणी झाली. अरबी विश्वकल्पनेतला बहामूत हा जगाच्या तळाशी भार पेलणारा महाकाय मासा. खेळात तो प्लॅटिनमचा ड्रॅगन आणि सज्जनांचा राजा झाला. आपले नागही सुटले नाहीत. १९७७च्या त्याच ग्रंथात नागांचे तीन प्रकार आहेत: राखणदार तो सज्जन, दुसरा दुर्जन, आणि पाण्यातला तटस्थ. महाभारतात शेष, वासुकी आणि तक्षक ही एकाच कद्रूची मुले. तरीही शेष भावांना सोडून तपाला जातो आणि तक्षक परीक्षिताला दंश करतो. तिघांची आई एक, वाटा वेगळ्या; म्हणून त्यांच्या कथा झाल्या.

यावर कोणी म्हणेल, अहो, हा खेळ आहे. मन न खाता ज्याच्याशी लढावे असा शत्रू मुलांना नको का? आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर खेळाच्याच पहिल्या नियमांत आहे. ड्रॅगन बोलणारा आहे की नाही, यासाठी तिथे फासे टाकावे लागत. ज्याला बोलता येते त्याच्याशी वाद घालता येतो, सौदा करता येतो, त्याला फसवता येते. ‘द हॉबिट’मध्ये स्मॉगच्या आगीपेक्षा त्याचे संभाषणच अधिक लक्षात राहते. बोलणाऱ्या जिवाचा निकाल खवल्यावरून आधीच लावून ठेवला, तर त्याला वाचा देऊन उपयोग काय?

खेळ पुढे बदलत गेला, ही समाधानाची गोष्ट. १९८० साली ‘ड्रॅगन’ मासिकात रत्नांचे तटस्थ ड्रॅगन आले. पण ती कपाटाला जोडलेली आणखी एक फळी होती. खरा बदल २००४ साली कीथ बेकर यांच्या ‘एबेरॉन’ या कल्पित जगाने केला. तिथे ड्रॅगनाच्या रंगावरून त्याची नीती ठरत नाही. सोनेरी ड्रॅगनही कपटी निघू शकतो. २०१४च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’नेही सांगून टाकले की छापलेली वृत्ती ही केवळ नेहमीची, खेळ चालवणाऱ्याने ती खुशाल बदलावी. वयाच्या पायऱ्याही तिथे चारच उरल्या.

म्हणून मला वाटते, या कोष्टकाचे दोन तुकडे करून वाचावे. ड्रॅगन काय करू शकतो, हे कोष्टकाने सांगावे; तो काय करील, हे मात्र त्याला स्वतःला ठरवू द्यावे. पहिल्याने खेळाला शिस्त येते, दुसऱ्याने कथेला जीव. घरातली मुले या सुट्टीत फासे घेऊन बसली आणि त्यांच्या वाटेत तांबडा ड्रॅगन आला, तर त्यांनी आगीची तयारी जरूर ठेवावी. पण तलवार उपसण्यापूर्वी त्याला त्याचे नाव विचारावे.