वाट वांकडी करण्याची कसोटी

प्रसिद्ध स्थळ पाहण्यास निघालेल्या प्रवाशानें जवळपासचे अप्रसिद्ध अवशेष पाहण्यासाठीं आपली वाट वांकडी करावी कीं करूं नये, ह्या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडे दोन प्रकारांनीं दिलें जातें, आणि आमच्या मतें दोन्ही प्रकार सदोष आहेत. मार्गदर्शक पुस्तकें लिहिणारे लोक अंतर, रस्ता आणि शिल्पाचा डौल ह्या तीनच गोष्टी पाहतात. उलटपक्षीं पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस जुना दगड दृष्टीस पडला कीं तो प्रेक्षणीयच वाटतो. पहिल्यांच्या लेखीं वेरूळ-अजिंठ्यापलीकडे कांहीं नाहीं. दुसऱ्यांच्या लेखीं प्रत्येक पडकी भिंत वेरूळच आहे. पहिल्यांचें ऐकून प्रवासी मोलाचें स्थळ चुकतो. दुसऱ्यांचें ऐकून तो एक दिवस खर्ची घालतो, निराश होऊन परततो आणि पुढें अशा कोणत्याही शिफारशीवर विश्वास ठेवीत नाहीं. ह्या दुसऱ्या दोषाची जबाबदारी आपल्या वर्गाकडे येते. सबब त्याचा विचार आपणच केला पाहिजे.

हस्तलिखितांचा संग्रह करणारांस ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास दूर जावें लागणार नाहीं. एखाद्या ग्रंथाची दुसरी पोथी मिळाली असतां तिचें मोल आपण कशावरून ठरवितों? तिचें अक्षर वळणदार आहे किंवा वेष्टण रेशमी आहे एवढ्यावरून खचित नव्हे. ती पहिल्या पोथीची नुसती नक्कल असेल, तर कितीही सुंदर असली तरी पाठनिर्णयाच्या कामीं तिचा उपयोग थोडा. परंतु ती स्वतंत्र परंपरेंतील असेल, तर वाळवीनें खाल्लेलीं तिचीं दहा पानेंही उपयोगीं पडतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनें १९१९ सालीं आरंभिलेल्या व १९६६ सालीं पुऱ्या झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम ह्याच तत्त्वावर चाललें. तेंच तत्त्व अवशेषांस लावावें असें आमचें म्हणणें आहे. अप्रसिद्ध स्थळ हें प्रसिद्ध स्थळाची प्रत आहे, कीं स्वतंत्र साक्षीदार आहे, हा पहिला प्रश्न. त्याची साक्ष तेथें जाऊनच कळते, कीं ती छापील ग्रंथांत वा वस्तुसंग्रहालयांत अधिक चांगली कळते, हा दुसरा. आणि ती साक्ष कळण्यास पाहणाराची तयारी किती लागते, हा तिसरा. ह्या तीन प्रश्नांवर तीन स्थळें घासून पाहूं.

पहिलें स्थळ पितळखोरें. हीं लेणीं सातमाळा डोंगरांत, कन्नड तालुक्यांत, वेरुळाहून सुमारें ४० किलोमीटरांवर एका खोल घळींत आहेत. त्यांचा आरंभ इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारास धरतात. वेरूळ पाहणारास तीं निःसंशय स्वतंत्र साक्षीदार आहेत, कारण वेरुळास इतकें जुनें कांहींच नाहीं. अजिंठ्यास ९ व १० क्रमांकांचीं चैत्यगृहें त्या जुन्या काळाचीं आहेत हें खरें. तथापि त्या काळची मूर्तिकला तेथें फारशी पाहावयास मिळत नाहीं. पितळखोऱ्यास ती आहे. चौथ्या क्रमांकाच्या विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. दाराशीं शस्त्रधारी द्वारपाल उभे आहेत. आणि शेजारीं पांच फणांचा नाग असा कोरला आहे कीं मागून आणलेलें पाणी त्याच्या फणांतून बाहेर पडावें. कातळांतून झिरपणाऱ्या पाण्यास वाट काढून देण्याची ही युक्ति पाहिली म्हणजे कोरणारांस ह्या दगडाचा दोष पुरता ठाऊक होता हें ध्यानांत येतें. तो दोष अखेर त्यांच्या युक्तीवर मात करून गेला. बहुतेक लेण्यांचे दर्शनी भाग कोसळले आहेत, आणि चैत्यगृहाच्या खांबांस आधुनिक दुरुस्तीचा आधार द्यावा लागला आहे. डौलच पाहावयाचा असेल त्यानें येथें येऊं नये.

परंतु लेख वाचणारास येथें जें मिळतें तें मोठ्या मोलाचें आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहांतील खांबांवर दात्यांचीं नांवें आहेत. त्यांत पतिठाणचा, म्हणजे पैठणचा, गांधिक कुळांतील मितदेव आहे, आणि पैठणच्याच संघकाचे पुत्र आहेत. चौथ्या लेण्यांत वच्छीचा पुत्र मगिल ह्याचें नांव येतें. तो राजवैद्य होता, आणि त्याची मुलगी दत्ता हिचेंही दान तेथें नोंदलेलें आहे. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, राजाचा वैद्य, वैद्याची मुलगी, हीं माणसें पैठणच्या इतिहासांत दुसऱ्या कोणत्या कागदांत भेटणार? पैठणास जाऊन त्या काळचें पैठण दिसत नाहीं. तें ह्या घळींतील खांबांवर दिसतें. पुढें इसवी सनाच्या पांचव्या-सहाव्या शतकांत ह्याच चैत्यगृहाच्या खांबांवर बुद्धाचीं चित्रें रंगविलीं गेलीं. म्हणजे पोथी एक, आणि हातांत भर घालणारे लेखक दोन.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानें येथील मलबा काढला. त्या वेळीं सांपडलेली यक्षाची मूर्ति आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. त्या मूर्तीच्या हातावर ती कण्हदास नांवाच्या सोनारानें केल्याचा लेख आहे. चैत्यगृहाच्या स्तूपांत स्फटिकाचे करंडक सांपडले. ह्या सर्वांचें वर्णन म. न. देशपांडे ह्यांनीं १९५९ सालीं ‘एन्शंट इंडिया’च्या १५ व्या अंकांत केलें. मग उत्तम वस्तु दिल्लीस आणि उत्तम वर्णन ग्रंथांत असतां घळींत उतरण्याचें कारण काय? कारण असें कीं, सोनारानें दगड कोरला ही गोष्ट दिल्लीस नुसती चमत्कारिक वाटते. पितळखोऱ्यास तिचा अर्थ लागतो. विहारावरील द्वारपालांचे अलंकार व वस्त्रांच्या चुण्या सोन्याचांदीच्या कामाच्या बारकाईनें कोरलेल्या पाहिल्या म्हणजे तें काम कोणत्या हातांनीं शिकविलें असावें ह्याचा तर्क करतां येतो. मूर्ति हें वाक्य होय, आणि लेणें हा त्याचा संदर्भ. संदर्भ सोडून वाक्याचा अर्थ लावूं नये, हें पोथ्यांच्या अभ्यासकांस सांगावयास नको. सबब पितळखोरें तिन्ही प्रश्नांस उतरतें. वेरुळास गेलेल्या कोणाही जाणत्या प्रवाशानें तेथें जावें. मात्र भर पावसाळा टाळावा, कारण तेव्हां घळींतून पाण्याचा लोट वाहतो.

दुसरें स्थळ घटोत्कच लेणें. तें अजिंठ्याजवळील जंजाळें गांवाच्या डोंगरांत आहे. येथें आमचें मत वेगळें पडतें. लेण्याची रचना, खांबांची धाटणी, गाभाऱ्यांतील धर्मचक्रमुद्रेंतील बुद्ध, हें सर्व अजिंठ्यास अधिक पूर्णपणें पाहावयास मिळतें. शिल्पाच्या दृष्टीनें ही प्रत आहे, आणि मूळ पोथी जवळच आहे. चित्रांनीं तृप्त झालेल्या प्रवाशास आणखी अर्धा दिवस चालवून येथें आणणें हा त्याच्यावर अन्याय होय.

परंतु येथील लेख ही प्रत नव्हे. अजिंठ्याचें १६ वें लेणें वाकाटक राजा हरिषेण ह्याचा सचिव वराहदेव ह्यानें करविलें. तेथील लेखांत विंध्यशक्तीपासून वाकाटकांची वंशावळ आहे. घटोत्कचाचें लेणेंही त्याच वराहदेवाचें. परंतु येथें त्यानें स्वतःच्या, वल्लूर येथील ब्राह्मण घराण्याची, वंशावळ कोरविली आहे. त्यांतील सोम नांवाच्या पूर्वजानें ब्राह्मण स्त्रियांबरोबर एक क्षत्रिय राजकन्याही वरिली, आणि तिच्यापासून चाललेल्या शाखेंत पुढें हस्तिभोज व त्याचा पुत्र वराहदेव झाले. एकाच माणसानें एका डोंगरावर धन्याचें कूळ लिहिलें आणि दुसऱ्या डोंगरावर आपलें. हे दोन लेख शेजारीं शेजारीं ठेवून वाचल्यावांचून वाकाटकांच्या अखेरच्या काळांतील राजा व सचिव ह्यांचा संबंध उलगडत नाहीं.

तरीही तेथें जावें काय? लेख पुष्कळ झिजलेला आहे, आणि त्याचा पाठ म. म. वा. वि. मिराशी ह्यांनीं सिद्ध करून वाकाटक लेखांच्या १९६३ च्या खंडांत घातला आहे. ज्यास वंशावळ हवी त्यानें तो खंड उघडावा. ज्यास संदिग्ध अक्षरें आपल्या डोळ्यांनीं तपासावयाचीं आहेत, त्यानेंच जंजाळ्याचा डोंगर चढावा, आणि चढण्यापूर्वीं तो पाठ हातानें उतरून घ्यावा. पूर्वतयारीवांचून गेलेल्यास तेथें एक अंधारें दालन आणि खरखरीत भिंत एवढेंच दिसेल. सारांश, घटोत्कच लेणें तज्ज्ञासाठीं आहे, सर्वांसाठीं नाहीं. आणि हें स्पष्ट सांगण्यांत त्या लेण्याचा अपमान नाहीं.

तिसरें स्थळ तेर, धाराशिव (पूर्वींचें उस्मानाबाद) जिल्ह्यांतील. येथें प्रश्न उलटा आहे. ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें मोठें नगर सांगितलें आहे, आणि तेथील कापड गाड्यांत भरून भडोचास जात असे असें म्हटलें आहे. पुढें शिलाहार राजे स्वतःस तगरपुरवराधीश्वर म्हणवीत. हें तगर म्हणजेच तेर, असें फ्लीट ह्यांनीं १९०१ सालीं दाखविलें. एवढ्या कीर्तीनें ज्याचें मन भरलें आहे तो तेरास गेला म्हणजे त्यास पांढरीच्या टेकाडांवर वसलेलें एक साधें गांव दिसतें. गोरोबा काकांच्या दर्शनास येणारा वारकरी येथून तृप्त होऊन परततो. इतिहासाचा प्रवासी मात्र पुष्कळदां हिरमुसून जातो.

त्यानें दोन गोष्टी पाहाव्या. एक त्रिविक्रमाचें मंदिर. तें विटांचें आहे, आणि त्याचा मागील भाग अर्धवर्तुळाकार व वरचें छप्पर गजपृष्ठाकार आहे. मुळांत तें बौद्ध चैत्यगृह असावें असें अनेक विद्वानांचें मत आहे. डोंगरांत कोरलेलीं चैत्यगृहें आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु तीं ज्या बांधीव इमारतींचें अनुकरण करितात, त्या इमारतीचें रूप उभ्या भिंतींत पाहण्याची संधि महाराष्ट्रांत अन्यत्र क्वचितच मिळते. म्हणजे कार्लें-भाजें ह्या प्रती ठरतात, आणि हें लहानसें विटांचें देऊळ त्यांच्या आदर्शाच्या अधिक जवळचें ठरतें. दुसरी गोष्ट तेथील वस्तुसंग्रहालय. तें कै. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं जमविलेल्या वस्तूंवर उभें आहे. त्या संग्रहांतील हस्तिदंती स्त्रीमूर्ति इटलींतील पाँपेई येथें सांपडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची आठवण करून देते; आणि ‘पेरिप्लस’मधील गाड्यांची वाट कोठवर पोंचत होती हें एका दृष्टिक्षेपांत समजतें. येथें साक्ष जमिनीवर नाहीं, कपाटांत आहे; पण तें कपाट त्याच गांवांत आहे, हें लामतुरे ह्यांचें उपकार होत. वस्तु दूरच्या शहरीं नेऊन ठेवल्या असत्या तर तेरास जाण्याचें अर्धें कारण संपलें असतें. खाजगी संग्राहकांनीं आपला संग्रह कोठें ठेवावा, ह्याचा विचार करतांना हें उदाहरण डोळ्यांपुढें असूं द्यावें.

ह्या तीन स्थळांवरून एक गोष्ट निष्पन्न होते. वाट वांकडी करण्याजोगें स्थळ कोणतें, हें त्या स्थळाच्या आकारावरून किंवा दुर्गमतेवरून ठरत नाहीं. जाणारा आधीं काय पाहून आला आहे आणि काय वाचून आला आहे, ह्यावरून ठरतें. म्हणून शिफारस करणारानें क्रमही सांगितला पाहिजे. वेरूळ आधीं, पितळखोरें नंतर. अजिंठ्याचें १६ वें लेणें आधीं, घटोत्कच नंतर. कार्लें आधीं, तेर नंतर. मूळ संहिता न वाचतां पाठभेद वाचणाराची जी गति, तीच क्रम मोडणाराची होते.

कोणी म्हणतील कीं, अशी निवड करूं लागलों तर ज्या स्थळांस आपण गौण ठरवूं तीं विस्मृतींत जातील, आणि विस्मृतीनंतर नाश ठरलेला. ही भीति खोटी नाहीं. परंतु खोट्या स्तुतीनें आलेली गर्दी भिंतींवर स्वतःचीं नांवें कोरून जाते, आणि निराश झालेला प्रवासी त्या स्थळाविषयीं कोणाजवळ चांगला शब्द बोलत नाहीं. अशा गर्दीपेक्षां वर्षाकाठीं येणारे पांच तयार वाचक त्या स्थळास अधिक उपयोगी, कारण काय पडलें, काय झिजलें, काय हलविलें, हें तेच नोंदवून ठेवतात.

ह्यापुढें अप्रसिद्ध स्थळांवर लिहिणारांनीं ‘अत्यंत प्रेक्षणीय’ हे शब्द बाजूस ठेवावे, आणि चार गोष्टी न चुकतां द्याव्या: तेथें आज प्रत्यक्ष काय आहे, जें नाहीं तें कोठें गेलें, लेख असल्यास त्याचा पाठ कोठें छापला आहे, आणि जाण्यापूर्वीं कोणतें स्थळ पाहिलेलें असावें. एवढें मिळालें म्हणजे वाट वांकडी करावी कीं न करावी, हें ठरविण्यास वाचक समर्थ आहे.